प्रश्नावलीतले बाण आणि माणसांचे वागणे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

ग्रामीण महिला डिजिटल व्यवहारांकडे का वळतात, तरुण कर्मचारी नोकरी का सोडतात, ग्राहक सेंद्रिय भाजीपाल्याला जादा पैसे का मोजतात, अशा प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या संशोधनाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात. त्यांत 'प्रगत सांख्यिकी प्रारूपाच्या आधारे सिद्ध झाले' असे एखादे वाक्य असते आणि ते प्रारूप कोणते, हे सहसा सांगितलेले नसते. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील प्रबंध ज्यांच्या हाताखालून जातात त्यांना मात्र ते ओळखता येते. पुष्कळदा ते 'पार्शियल लीस्ट स्क्वेअर्स पाथ मॉडेलिंग' असते. मराठीत त्याला आंशिक लघुतम वर्गांचे पथ-प्रारूप म्हणता येईल. पण संशोधन केंद्रांत विद्यार्थ्यापासून गाइडपर्यंत सगळे 'पीएलएस' एवढेच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. मी ३२ वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या विद्यार्थ्यांची विश्लेषणाची प्रकरणे तपासून देतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ही पद्धत वाईट नाही, परंतु माणसांच्या वागण्याविषयी तिच्या नावावर जे छापले जाते, त्यातले बरेचसे तिने सांगितलेलेच नसते.

पद्धत साधारण अशी आहे. विश्वास, समाधान, भीती, हेतू या गोष्टी फूटपट्टीने मोजता येत नाहीत. म्हणून प्रत्येकीसाठी तीन-चार विधाने तयार करतात आणि 'पूर्णतः असहमत' ते 'पूर्णतः सहमत' अशा पाच पायऱ्यांवर उत्तर मागतात. ही पायऱ्यांची पट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. एका कल्पनेच्या विधानांना मिळालेली उत्तरे वजने देऊन एकत्र करतात आणि त्या बेरजेलाच 'विश्वास' किंवा 'हेतू' असे नाव देतात. सुरुवातीला वजने सारखी धरतात. मग संगणक ती पुन्हा पुन्हा बदलत जातो, अशा रीतीने की कशाचा कशावर परिणाम होतो हे दाखवणाऱ्या आराखड्यात बाणाने जोडलेल्या बेरजांचे एकमेकींशी नाते घट्ट व्हावे. वजने बदलायची थांबली की त्या बेरजांमध्ये साधे समाश्रयण, म्हणजे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणारे रिग्रेशन, करतात आणि प्रत्येक बाणावर एक आकडा येऊन बसतो. पडद्यावर कल्पनांची निळी वर्तुळे, विधानांचे पिवळे चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण दिसतात. चित्र देखणे असते, आणि या पद्धतीच्या प्रसाराचे निम्मे श्रेय त्या चित्राचे आहे असे मला पुष्कळदा वाटते.

पद्धतीचे जनक हर्मन वोल्ड. १९०८ साली नॉर्वेत जन्मलेले आणि लहानपणीच स्वीडनला गेलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९४२ ते १९७० या काळात उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होते. कालश्रेणींच्या विश्लेषणातला त्यांच्या नावाचा सिद्धान्त आजही शिकवला जातो. त्यांचेच विद्यार्थी कार्ल योरेस्कोग यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'लिझरेल' ही दुसरी पद्धत पुढे आणली. ती कडक शिस्तीची आहे: आधी सिद्धान्त नेमका मांडा, मोजमापातली चूक वेगळी काढा, आणि मग सिद्धान्त आकडेवारीशी जुळतो की नाही याची परीक्षा द्या. वोल्ड यांचे म्हणणे असे की समाजशास्त्रांत इतका पक्का सिद्धान्त हाती असणे विरळा. माहितीचा ढीग असतो, पण तिचा अर्थ लावणारी मांडणी अर्धीकच्ची असते. अशा वेळी चाचपडत पुढे जाता यावे आणि अंदाज बांधता यावा, यासाठी त्यांनी आपले 'सॉफ्ट मॉडेलिंग' मांडले. गुरुशिष्यांत यावरून फाटले नाही. १९८२ साली दोघांनी मिळून संपादित केलेल्या ग्रंथात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. वोल्ड यांचे चिरंजीव स्वांते हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी वडिलांच्या कल्पनेचे एक रूप रसायनशास्त्रात नेले, आणि धान्यातला ओलावा किंवा प्रथिने प्रकाशाच्या साहाय्याने मोजणाऱ्या यंत्रांत आज ते गणित सर्रास वापरले जाते. तिथे यंत्राचे उत्तर बरोबर की चूक हे प्रयोगशाळेत दुसऱ्या रीतीने ताडून पाहता येते. 'विश्वास' ताडून पाहण्यासाठी तशी प्रयोगशाळा नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आपल्याकडे वोल्ड यांची परिस्थिती नेमकी उलटी झाली आहे. सिद्धान्त तयार मिळतो. तंत्रज्ञान उपयुक्त वाटणे आणि वापरायला सोपे वाटणे या फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९च्या दोन कल्पना, किंवा माणूस हेतूनुसार वागतो असे सांगणारा इसेक आयझेन यांचा १९९१चा नियोजित वर्तनाचा सिद्धान्त, बाणांसकट उचलला जातो आणि त्याला एखादे वर्तुळ जोडले की 'नवे प्रारूप' तयार होते. माहिती मात्र तुटपुंजी असते: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरवलेल्या गूगल फॉर्मची दीडशे-दोनशे उत्तरे. ही पद्धत का निवडली, असे विचारले की ठरावीक उत्तर येते, 'सॅम्पल लहान आहे आणि डेटा नॉर्मल नाही (म्हणजे उत्तरे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नाहीत), म्हणून पीएलएस.' त्याला आधार म्हणून दहापटीचा नियम दाखवतात: एका वर्तुळाकडे जास्तीत जास्त जितके बाण येत असतील त्याच्या दसपट माणसे पुरतात. म्हणजे पाच बाणांना ५० माणसे. हा नियम सोयीचा आहे, पण त्यात परिणाम किती मोठा आहे याचा विचारच नाही. नेड कॉक आणि पियर हदाया यांनी २०१८ साली दिलेल्या सूत्राने हिशेब केला, तर बाणावरचा आकडा ०.२ असताना तो पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल तर सुमारे १५५ माणसे लागतात, आणि आकडा ०.१ असेल तर ६१९. मानवी वर्तनाच्या अभ्यासात ०.१ ते ०.२ हे आकडे काही दुर्मीळ नाहीत. राहिला प्रश्न बूटस्ट्रॅपिंगचा. जमलेल्या उत्तरांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून आकड्याची डळमळ किती, हे मोजण्याची ती चांगली युक्ती आहे. पण प्रबंधात '५००० नमुन्यांवर तपासले' असे लिहिलेले असते आणि बातमीत ते 'पाच हजार जणांचे सर्वेक्षण' होऊन बसते. १८० माणसांच्या चिठ्ठ्या पाच हजार वेळा काढल्या तरी माणसे १८०च राहतात.

हे झाले गणिताचे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते प्रश्नावलीच्या कागदावर काय घडते हे, आणि त्यासाठी एक अनुभव सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. बचत गटांतील महिला यूपीआय का वापरतात, हा तिचा विषय होता. प्रश्नावली इंग्रजीवरून मराठीत आणलेली होती. 'ही सेवा शिकणे मला सोपे वाटते', 'ही सेवा वापरणे मला सोपे वाटते', 'या सेवेत प्रवीण होणे मला सोपे वाटते', अशी ओळीने तीन विधाने. इंग्रजी शिकलेल्या माणसालाही त्यांतला फरक सांगायला थांबावे लागेल. गटाच्या मासिक बैठकीत, अध्यक्षबाई शेजारी बसलेल्या असताना, ती एकेकीला विधाने वाचून दाखवत होती आणि तिसऱ्या विधानाला एक आजी म्हणाल्या, "अगं, ह्येच तर मघाशी इचारलंस की! लिही तुला बरं वाटंल ते." तिने वरच्यासारखीच खूण केली. असे एकीचे झाले नाही, अनेकींचे झाले. नंतर संगणकाने या तीन विधानांच्या 'विश्वासार्हते'ला, म्हणजे त्यांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात याला, भरघोस गुण दिले; ०.७ची रूढ मर्यादा केव्हाच मागे पडली. त्या गुणांत आजींचा कंटाळा किती आणि यूपीआयविषयीचे मत किती, हे संगणकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

पुढची गोष्ट तिने स्वतःहून सांगितली, म्हणून मी तिला मनातून जास्त गुण दिले. 'मी यूपीआयचा नियमित वापर करते' या विधानाला ज्या बायका सहमत होत्या, त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरी स्मार्टफोन एकच होता आणि तो मुलाकडे असे. मुलगा संध्याकाळी आला की पैसे पाठवी. खाते बाईचे, पैसे बाईचे, कुणाला किती द्यायचे हा निर्णयही बाईचा, पण क्यूआर कोड स्कॅन करणारा हात मुलाचा. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. प्रश्नावलीत त्यांच्या घरातल्या व्यवहारासाठी रकानाच नव्हता. आता अशा उत्तरांवरून 'सुलभतेमुळे वापर वाढतो' असा बाण काढला, तर सुलभता कुणाची आणि वापर कुणाचा? मी तिला सांगितले की बाण राहू देत, आधी गटाची वही आणि सभासदांचे पासबुक पाहायला मिळते का बघ. पासबुकात यूपीआयची नोंद वेगळी ओळखू येते. ती गेली. काही जणींनी पासबुक दाखवले, काहींनी हसून नाही म्हटले, आणि तोही तिला अभ्यासाचाच भाग वाटला.

त्याच सुमारास मी तिला आणखी एक गोष्ट करून दाखवली. तिच्या आराखड्यात 'विश्वास' या वर्तुळातून 'वापर' या वर्तुळाकडे बाण जात होता. मी फक्त ती दोन वर्तुळे ठेवली आणि बाण उलटा केला: वापरातून विश्वासाकडे. आर स्क्वेअर, म्हणजे एका वर्तुळावरून दुसऱ्यातला किती फरक उलगडतो हे सांगणारा आकडा, तोच आला. यात चमत्कार काही नाही, सहसंबंधाला दिशा नसते. दिशा आपण देतो आणि एकाच दिवशी भरलेल्या अर्जातून ती सिद्ध होत नाही. तरीही प्रबंधाच्या निष्कर्षात 'परिणाम होतो' असे क्रियापद येते आणि बातमीच्या मथळ्यात ते 'मुळे' होते. विश्वास असल्यामुळे वापर वाढला, की वापरता वापरता विश्वास बसला, हा बँकेच्या शाखेत बसलेल्या माणसासाठी अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे, कारण पहिले खरे असेल तर जाहिरात करायची आणि दुसरे खरे असेल तर बाईच्या हातात फोन द्यायचा.

विधानांविषयी आणखी एक खुलासा केला पाहिजे, कारण प्रबंधांत इथे हमखास गफलत दिसते. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण प्रत्येक शीत त्याच भाताचे असते. काही कल्पनांची विधाने तशी असतात, त्यांतले एखादे गाळले तरी बिघडत नाही. मिसळीचे तसे नाही. फरसाण चाखून कटाचा तिखटपणा कळत नाही आणि मटकी काढून टाकली तर ती मिसळच राहत नाही. कुटुंबाची आर्थिक स्थिती ही मिसळीसारखी कल्पना आहे: जमीन, जनावरे, पगार, कर्ज यांची ती बनते, आणि जमीन असलेल्याकडे पगार असेलच असे नाही. पीएलएसमध्ये दोन्ही प्रकार हाताळता येतात, हा तिचा खरा गुण आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढले की बाण आपोआप शिताच्या पद्धतीने लागतात आणि विद्यार्थी ते तसेच ठेवतो. मग 'कमी लोडिंग आले', म्हणजे विधानाचे वर्तुळाशी नाते सैल निघाले, म्हणून कर्जाचे विधान गाळले जाते, आणि कर्जाविना शेतकरी कुटुंबाची आर्थिक स्थिती मोजली जाते.

आता हेतू आणि वर्तन यांतल्या अंतराकडे वळतो. समजा, एखाद्या बातमीत म्हटले आहे की 'या प्रारूपाने ग्राहकांच्या वर्तनाचे ७० टक्के स्पष्टीकरण मिळते.' बहुधा मूळ प्रबंधात ते ७० टक्के 'वापरण्याचा हेतू' या वर्तुळाचे असतात, म्हणजे अर्जातल्या काही उत्तरांचा त्याच अर्जातल्या दुसऱ्या उत्तरांशी लागलेला मेळ. एकाच माणसाने, एकाच बैठकीत, एकाच पट्टीवर दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळणारच. चांगल्या अभ्यासात हा फरक कसा दिसतो, याचे उदाहरण विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात आहे. हाँगकाँगमध्ये मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या १५१२ ग्राहकांवर तो पीएलएसनेच केला होता. त्यांनी हेतू आधी विचारला आणि वापराची माहिती चार महिन्यांनी दुसऱ्या फेरीत घेतली. त्यांच्या सुधारित प्रारूपाने हेतूतला ७४ टक्के फरक उलगडला. वापरातला ५२ टक्के. नुसते मध्ये चार महिने घातले आणि एवढी घसरण झाली. पास्कल शीरन यांनी २००२ साली अनेक विषयांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेतूवरून वर्तनातला सरासरी २८ टक्के फरकच कळतो असे आढळले. बोलणे आणि वागणे यांतली तफावत तर याहून जुनी आहे. रिचर्ड लापियर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९३०च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर प्रवास केला. त्या काळी तिथे चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता. तरी २५१ हॉटेले-खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारणा केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या १२८ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. हा अभ्यास १९३४ साली प्रसिद्ध झाला. लापियर यांनी फक्त पत्रे पाठवून बाण काढले असते, तर ते चित्रही देखणेच आले असते.

या पद्धतीवर तिच्या घरातही मोठा वाद झालेला आहे, आणि तो आपल्या संशोधन केंद्रांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. मिक्को रोन्को आणि योर्ग एव्हरमान यांनी २०१३ साली तिच्याविषयीच्या रूढ समजुतींची चिरफाड केली. पुढच्या वर्षी यॉर्ग हेन्सेलर आणि इतर अनेकांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. २०१५ साली उत्पादन व्यवस्थापनाच्या एका नामांकित नियतकालिकाच्या संपादकांनी जाहीर केले की पीएलएसवर आधारलेले जवळजवळ सर्व लेख आपण परीक्षकांकडे न पाठवताच परत करत आहोत. मला हा शेवटचा निर्णय टोकाचा वाटतो. समर्थकांनी याच काळात पद्धत सुधारलीही आहे: मोजमापातल्या चुकीमुळे बाणावरचे आकडे दबतात, त्यांची दुरुस्ती करणारी रीत थिओ डायक्स्ट्रा आणि हेन्सेलर यांनी दिली, दोन वर्तुळे खरोखर वेगळी आहेत की एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे तपासणारी कडक कसोटी आली, आणि गालित श्मुएली व सहकाऱ्यांनी असा आग्रह धरला की प्रारूपाला अंदाज बांधता येतो असे म्हणायचे असेल, तर काही माणसे बाजूला ठेवा आणि त्यांची उत्तरे आधी ओळखून दाखवा. वोल्ड यांच्या मूळ हेतूच्या सर्वांत जवळ जाणारी अट हीच आहे, आणि मी तपासलेल्या प्रबंधांत ती अभावानेच दिसते. क्लास फोर्नेल यांनी स्वीडनमध्ये १९८९ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू केलेले ग्राहक समाधान निर्देशांक याच गणितावर उभे राहिले, आणि तिथे ते शोभतेही: दरवर्षी तेच प्रश्न, हजारो ग्राहक, आणि हवा असतो तो एक तुलना करण्याजोगा गुणांक.

आपल्या देशात क्षेत्रकामावर अविश्वास दाखवण्याची एक चांगली परंपरा होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहणीत एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवून त्यांचे आकडे एकमेकांवर घासून पाहण्याची रीत घातली. माहिती गोळा करणारा माणूसही चुकतो हे त्यांनी गृहीत धरले होते. आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन तुकड्या परवडणार नाहीत हे मला कळते. पण २०० अर्जांपैकी २० घरी पुन्हा जाऊन तेच प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारणे आणि निदान एका वर्तनाची नोंद पासबुक, हजेरीपट, वीजबिल किंवा दुकानाच्या वहीतून घेणे, हे त्याला जमते. गाइडने मागितले पाहिजे. पदवीसाठी प्रबंधाबरोबर शोधनिबंधाची सक्ती २०२२ पर्यंत होती; ती गेली तरी वर्षभरात अर्ज भरून घ्यायचे, सहा महिन्यांत बाण काढायचे, अशी घाई विद्यार्थ्यावर असते आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

आपल्याकडे माझी विनंती त्याहून लहान आहे. सर्वेक्षणावर आधारलेल्या संशोधनाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी संशोधकाला विचारून एक ओळ जोडावी: किती माणसांनी उत्तरे दिली, त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले, आणि वर्तन पाहिले की नुसते विचारले. नुसते विचारले असेल, तर मथळ्यात 'महिला वापरतात' याऐवजी 'वापरतो, असे महिलांनी सांगितले' असे छापावे. मथळा दोन शब्दांनी लांबेल हे खरे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात तेवढे दोन शब्द घातले आहेत, आणि मुलाच्या हातातल्या फोनवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्या प्रकरणात एकही बाण नाही.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापक, सातारा